इंजिन फार गार चालते? थर्मोस्टॅट तपासा



गळिताचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरला उसंत नसते. पहाटे थंडीत फडावर आणि रात्री ट्रॉली घेऊन यार्डात. इंजिन तापले तर आपण लगेच थांबतो. पण काटा दिवसभर खालीच राहिला, तर "बरं झालं, गाडी गार चालतीया" म्हणून खूश होतो. इथेच फसगत होते.

साधारण ८० ते ९५ अंश सेंटिग्रेड पाण्यावर इंजिन नीट काम करते. त्यापेक्षा गार राहिले, तर डिझेल पुरते जळत नाही. पांढुरका धूर येतो, डिझेल जास्त लागते. न जळलेले डिझेल लायनरवरचे ऑईल धुऊन खाली उतरते आणि ऑईल पातळ करते. ऑईलमधला ओलावा उडून जात नाही, त्याचा गाळ होतो. रिंगा आणि लायनर लवकर झिजतात. न घालताच ऑईल पट्टीवर वर चढलेले दिसले, तर ही धोक्याची खूण समजा. पाणी किंवा डिझेल ऑईलमध्ये येण्याची दुसरीही कारणे असतात, म्हणून ते ताबडतोब दाखवून घ्यावे.

पाणी गरम ठेवण्याचे काम थर्मोस्टॅट करतो. त्यात मेणाची छोटी डबी असते. इंजिन गार असताना झडप बंद राहते आणि पाणी इंजिनातच फिरते. ठरावीक उष्णता आली की मेण फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाते. झडप उघडीच अडकली, तर पाणी पहिल्यापासून रेडिएटरमध्ये जाते आणि इंजिन तापतच नाही.

पुष्कळदा तर थर्मोस्टॅट जागेवर नसतोच! उन्हाळ्यात गाडी तापली म्हणून मिस्त्री तो काढून टाकतो. खरे कारण असते रेडिएटरच्या जाळीत बसलेला पाचटाचा भुसा किंवा सैल झालेला फॅनचा पट्टा. ते तसेच राहते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्याने पाणी आतल्या आडवाटेने फिरते आणि गाडी उलट जास्त तापते.

तपासणी अशी करा :

१) आधी काटा खरा की खोटा ते पाहा. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचे पाणी बघा. पाणी कमी असेल तर काटा चुकीचा दाखवू शकतो. गरम रेडिएटरचे टोपण कधीही उघडू नका. काट्याच्या युनिटची वायर निसटली आहे का तेही बघा.

२) सकाळी गार इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होज पाईपला जपून हात लावा. धोतर, उपरणे, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवा. पाईप काही मिनिटे गार राहून मग एकदम गरम झाला, तर थर्मोस्टॅट ठीक. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी आहे किंवा थर्मोस्टॅटच नाही. पाईप चांगला गरम असून काटा खालीच असेल, तर दोष काट्यात किंवा युनिटमध्ये आहे.

३) थर्मोस्टॅट काढून बघा. गार असताना झडप घट्ट बंद हवी. (बारीक छिद्र असले तर तो दोष नव्हे.) तारेला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबता ठेवा, तळाला टेकू देऊ नका. पाणी तापवा. त्यावर ८२ सारखा आकडा कोरलेला असतो, त्या सुमारास झडप उघडू लागते. उकळत्या पाण्यात ती चांगली उघडली आणि बाहेर काढल्यावर पुन्हा बंद झाली, तर माल चांगला.

जीप किंवा मोटारगाडीलाही हेच लागू. मात्र विजेचा पंखा असलेल्या गाडीत तो सुरुवातीपासून सारखा फिरतो का तेवढे जास्त पाहावे.

नवा थर्मोस्टॅट त्याच आकड्याचा घ्या, पॅकिंग नवे घाला. बोअरच्या जड पाण्याने क्षार धरतो, म्हणून इंजिनाच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट वापरा. ऑईल पातळ झाले असेल तर तेही बदला.

तेव्हा बंधूंनो, मिस्त्रीने "थर्मोस्टॅट काढून टाकू का?" असे विचारले, तर नाही म्हणा. आधी रेडिएटर धुवा, पट्टा ताणा. त्या छोट्या डबीचा खर्च इंजिन बांधायच्या खर्चापुढे काहीच नाही.