राठ केस, खारं पाणी आणि शनिवारची दुपार

कंगव्यात अडकलेली गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून टाकून देण्याआधी एकदा खिडकीच्या उजेडात धरून पाहावी. एकेक केस सुटा केला की त्यात दोन प्रकार दिसतात. काही केस पूर्ण लांबीचे असतात आणि त्यांच्या एका टोकाला पांढुरका, बारीकसा कंद असतो. हे मुळातून गळलेले. असे पन्नास ते शंभर केस रोज कुणाचेही जातात, त्याची काळजी करू नये. दुसरे आखूड असतात, त्यांना कंद नसतो, आणि एखाद्याचं टोक दुभंगलेलं असतं. हे गळलेले नाहीत, तुटलेले आहेत. माझ्या गुंतवळीत हे दुसरेच जास्त निघतात.

हा फरक आधी लक्षात घेतला तर पुष्कळ पैसे वाचतात. कंदासकट मूठमूठ केस जात असतील तर बाहेरून काय चोपडता याला फारसा अर्थ नाही. रक्त तपासून घ्यावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. शरीराला लोह कमी पडलं की केसांचा वाटा आधी कापला जातो. पण तुटणाऱ्या केसांचं दुखणं वेगळं असतं. ते आपल्या हातांत, पाण्यात आणि पंच्यात असतं.

आमच्या वाशीमच्या गल्लीत गुंतवळ घेऊन त्यावर भांडं देणारी बाई येते. बायका वर्षभराची गुंतवळ पिशवीत साठवून ठेवतात. ती पिशवी उघडते, चिमटीत केस धरून ताणते आणि बघता बघता निकाल देते. माझ्या पिशवीवर तिचा निकाल ठरलेला असतो, ‘‘बाई, हे तुटके हायेत. लांब पायजे.’’ शेजारणीला वाटी मिळते, मला चहाची गाळणी. केसांचं इतकं रोखठोक निदान मला दुसऱ्या कुणीही करून दिलेलं नाही.

आता ‘पातळ’ आणि ‘बारीक’ यांत घोळ करू नये. डोक्यावर केसांची संख्या कमी असेल तर ते विरळ, पातळ. संख्या भरपूर असूनही प्रत्येक केस अंगाने कृश असेल तर ते बारीक, माझ्यासारखे. जाड केसाचा व्यास ८० ते १०० मायक्रॉनपर्यंत जातो, बारीक केसाचा साधारण ५० च्या आसपास राहतो. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, थोडा जास्त धरा. म्हणजे पाठीवर दीड फूट लोंबणाऱ्या वेणीचं टोक तीन वर्षांपूर्वी टाळूतून बाहेर आलेलं असतं. त्याने विदर्भातले तीन उन्हाळे काढलेले असतात. मुळाशी मऊ लागणारा तोच केस शेंड्याला राठ का, याचं उत्तर एवढंच आहे. आणि म्हणून मुळाला आणि शेंड्याला एकच उपचार करणं चूक आहे. माझं सगळं म्हणणं खरं तर इथेच संपतं. पुढे आहे तो तपशील.

पहिला तपशील पाण्याचा. वाशीम शहराला पाणी एकबुर्जी धरणातून येतं. नळ येतो तेव्हा येतो, मधले दिवस बोअरवर निघतात. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आणि त्याच्या भेगांतून मुरून आलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. आपल्या पाण्याचा आकडा ठाऊक नसला तरी बादलीच्या कडेला धरलेला पांढरा थर आणि पाणी तापवायच्या रॉडवर चढलेली खरपड पुरेसं सांगून जातात. अशा पाण्यात अंगाचा साबण केसांना लावला तर त्याचा चिकट साका होतो आणि तो केसांवर बसतो. शाम्पूचा साका होत नाही, पण क्षार तरीही येतातच. झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि कॅल्शियमचा भार धन, त्यामुळे तो तिथे चिकटून बसतो. न्हाऊन आल्यावर केस स्वच्छ असूनही खराट्यासारखे लागतात ते यामुळे.

यावर मला सापडलेली सोय अगदी स्वस्त आहे. सगळं न्हाणं बोअरच्या पाण्याने करायचं आणि शेवटचे दोन तांबे फक्त प्यायच्या पाण्याच्या जारमधले घ्यायचे, त्यात लिंबाच्या रसाचे काही थेंब. लिंबातलं आम्ल क्षार थोडेफार सोडवतं. रस जास्त झाला तर केस उलट कोरडे पडतात, टाळू चुरचुरते. पावसाळ्यात जारचीही गरज नसते, पागोळ्यांखाली घमेलं ठेवलं की झालं. पहिल्या पावसाचं पाणी मात्र घेऊ नये. त्यात छपरावरची वर्षभराची धूळ असते.

दुसरा तपशील वेळेचा. मी शिक्षिका आहे, शाळा रिसोड तालुक्यातल्या एका गावी, आणि उन्हाळ्यात ती सकाळची भरते. सकाळी डोक्यावरून न्हाऊन, ओले केस बांधून, स्कूटीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळून निघायचं, हा माझ्यासारख्या केसांचा सर्वांत वेगवान नाश आहे. ओला केस पाणी पिऊन फुगतो, जास्त ताणला जातो आणि तेव्हाच सर्वांत दुबळा असतो. त्यावर रबर आवळलं, वर सुती स्कार्फ घासला, की शाळेच्या फाटकापर्यंत गुंतवळीची बेगमी झालेली असते. म्हणून न्हाण्याचं काम सकाळीच काय, कामाच्या दिवसांतूनच काढून टाकलं. शनिवारी शाळा अर्धी असते. दुपार माझी. शनिवारी डोक्यावरून न्हाऊ नये असं सासूबाईंचं मत आहे. ते त्या दर शनिवारी एकदा बोलून दाखवतात आणि बंबात पाणी तापायलाही त्याच ठेवतात.

न्हाण्याआधी तास-दोन तास तेल. इथे मात्र घरातल्या मोठ्या बायकांशी माझं पटत नाही. मोठ्या आईचा नेहमीचा सवाल, ‘‘काहून व पोरी, केस असे उडून राहिले? तेल नाई का घरी?’’ तिच्या मते टाळू भरली पाहिजे, तेल कानशिलावरून ओघळलं पाहिजे. तिचे केस जाड आहेत, तिला ते शोभतं आणि पचतंही. बारीक केसांना एवढं तेल लावलं तर ते काढायला दोनदा शाम्पू लागतो, आणि त्या दुसऱ्या शाम्पूत कमावलेलं सगळं जातं. मी अर्धा चमचा खोबरेल घेते, तळहातांवर चोळते आणि फक्त कानाखालच्या लांबीला लावते. टाळूला काही नाही.

खोबरेलच का, याला आधार आहे, आणि तो महाराष्ट्रातलाच आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल अशी तिन्ही तेलं केसांवर तपासून पाहिली. केस धुताना त्यांच्यातलं प्रथिन झिजून जातं. ही झीज फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी केली, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा, म्हणून तो केसाच्या आत शिरतो; खनिज तेल वरच्यावर राहतं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीनेच खोबरेलाची बाजू मांडली हे लक्षात ठेवून वाचावं, पण प्रयोग प्रसिद्ध झालेला आहे आणि तर्क सरळ आहे.

मग न्हाणं. पुडीतला शाम्पू थेट डोक्यावर ओतायचा नाही. मगभर पाण्यात तो फेसाळून घेतला की एका पुडीत काम भागतं. तो फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. लांबीवरून फेस वाहून जातो तेवढा तिला पुरतो. केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे चोळले की गुंता झालाच. त्यानंतर कंडिशनर, तोही कानाच्या खालीच. त्यातले घटक धनभारित असतात, ते झिजलेल्या जागी जाऊन बसतात, म्हणून केस एकदम निसरडे लागतात. त्या निसरडेपणातच बोटांनी गुंता सोडवून घ्यायचा, शेंड्यापासून सुरुवात करून वर वर. हे दोन मिनिटांचं काम पुढचा आठवडा वाचवतं.

आणि मग पंचा. केस पुढे घेऊन, मान खाली घालून पंच्याने फटाफटा झटकणं हे आमच्या घरातलं एक दृश्य आहे. बघायला सुंदर, आणि बारीक केसांना मारक. मी जुन्या सुती बनियनमध्ये केस गुंडाळून नुसते दाबते. घरचे हसतात.

केस ओलसर असतानाच जवसाची जेली. वऱ्हाडात जवस नवीन नाही. पूर्वी रब्बीत तो पेरला जायचाच, आणि चटणी अजूनही घरोघर होते. चतकोर वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळायचा आणि ढवळत राहायचं. आठ-दहा मिनिटांत पाण्याला तार येऊ लागते. गरम असतानाच जाळीच्या गाळणीतून गाळावं (तीच ती, गुंतवळीवर मिळालेली). गार झालं की ते गाळणीतून उतरत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास आला की फेकून द्यावं. या बुळबुळीत पाण्याचा केसांवर पातळ पापुद्रा बसतो आणि उडणाऱ्या केसांना तो धरून ठेवतो. तेलासारखा तो जड होत नाही, हाच बारीक केसांचा फायदा. चमचाभर पुरतं. जास्त झालं तर वाळल्यावर कोंड्यासारखे पांढरे पापुद्रे सुटतात आणि चौथीची पोरं वर्गात सगळ्यांसमोर विचारतात.

संध्याकाळपर्यंत केस बहुतेक वाळतात. रात्री सैल वेणी. केसाच्या आतले काही बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना असतील त्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून किंचित ओलाव्यात घातलेली वेणी सकाळी केसांना एकसारखी नागमोड देते आणि पिंजारलेपणा त्या नागमोडीत लपतो. उशीला जुन्या रेशमी साडीचा अभ्रा शिवून घेतला आहे. सकाळी पाणी लावायचं नाही, सगळी वेणी उकलायची नाही. पुढचे केस दोन थेंब तेलाच्या हाताने बसवायचे, शेंडा विंचरायचा, वेणी वर घेऊन चाप. स्कार्फच्या आत साडीच्याच उरलेल्या तुकड्याचं अस्तर. चहा उकळेपर्यंत हे उरकतं.

एप्रिल-मेचं गणित वेगळं. दुपारी बाहेर हवा इतकी कोरडी की कंगवा फिरवला तर केस त्याच्यामागे उभे राहतात, आणि घरात शिरलं की कूलरचा ओला वारा. कोरड्या हवेतून दमट हवेत असं दिवसातून अनेकदा जाणं बारीक केसांना मानवत नाही. केस एकदा आक्रसतो, एकदा फुगतो. कूलरसमोर केस मोकळे सोडून बसण्यासारखं सुख नाही, पण ते मी वेणी घालून घेते.

सोयाबीनच्या दिवसांत माझ्या तक्रारी मला नखरे वाटू लागतात. सोंगणीला जाणाऱ्या बाया अंधारात उठतात, आणि थ्रेशरवर उभ्या राहिल्या की कुटाराची धूळ पापण्यांपासून पदरापर्यंत बसते. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई सांगत होती की ती त्या पंधरवड्यात सकाळी केसांना तेलाचं बोट लावत नाही. ‘‘तेलावर कुटार बसलं का त्याचा लगदाच होते बाई. मंग निंगत नाई.’’ ती कोरडी वेणी घट्ट घालते, वर रुमाल, त्यावर पदर. घरी आल्यावर आधी अंगणात केस मोकळे सोडून झाडते, मग तेल. पुस्तकात न वाचता तिने क्रम बरोबर लावला आहे. शाम्पूच्या जाहिरातीत धुळीचा उल्लेख असतो, कुटाराचा कधी नसतो.

शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत, २०२४ च्या अखेरीस माणसांचे केस अचानक हातात येऊ लागले, काही दिवसांत टक्कल पडलं. तेव्हा आमच्याकडेही प्रत्येक बाईने आपल्या गुंतवळीकडे घाबरून पाहिलं. पहिला संशय पाण्यावर आणि शाम्पूवर गेला. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत त्यांना ते वाढलेलं आढळलं, आणि जस्त कमी. ते मुळातून गळणं होतं, तुटणं नव्हतं. आमच्या पार्लरवाल्या ताईंकडे त्या महिन्यात रोज कुणीतरी ‘शाम्पू बदलू का?’ विचारायला यायचं.

या ताई मला दर खेपेला केराटिन करून घ्यायला सुचवतात. काही हजारांचं काम, सहा महिने केस सरळ. मी नको म्हणते. असल्या पुष्कळ द्रव्यांतून, गरम इस्त्री फिरवली की, फॉर्मल्डिहाइडची वाफ सुटते. डोळे चुरचुरतात ते त्यानेच. दिवसभर ती वाफ घेणाऱ्या ताईंची मला जास्त काळजी वाटते. शिवाय एवढ्या तापलेल्या इस्त्रीखाली माझा बारीक केस किती टिकेल, हे गुंतवळवाली न बघताही सांगेल.

मी त्यांच्याकडे जाते ती शेंडे कापायला. वेणी उजेडाकडे धरली की खाली एका जागी ती एकदम निमुळती, पारदर्शक होते. कात्री तिथेच लावायची. अर्धा इंच निघो की दोन. दुभंगलेला शेंडा कुठल्याही तेलाने सांधत नाही, तो वर वर उसवत जातो. तीन-चार महिन्यांतून एकदा पुरतं, आणि त्यातली एक खेप मी कुटाराचे दिवस सरल्यावर पण तुळशीच्या लग्नाआधी उरकते. एकदा लग्नसराई लागली की ताईंकडे शेंडे कापून घेणाऱ्यांना कुणी खुर्चीही देत नाही.