'दाब कमी' म्हणजे नेमके काय झाले?

२०१६ साली अकरावीच्या मुलांना घेऊन मी प्लॅस्टिकच्या वस्तू बनवणारा एक कारखाना पाहायला गेलो होतो. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात भरले की साचा लवकर थंड करावा लागतो. त्यासाठी साच्यातून गार पाणी खेळवतात. हे पाणी गार करणाऱ्या यंत्राला चिलर म्हणतात.

आम्ही गेलो तेव्हा चिलर उघडून ठेवलेला होता. आतल्या तांब्याच्या काही नळ्या लांबीच्या दिशेने चिरल्या होत्या. आदल्या आठवड्यात रात्रपाळीला नियंत्रण फलकावर इशारा उमटला होता : 'शीतकाचा दाब कमी'. यंत्र आपोआप थांबले. पाळीवरच्या कामगाराने रीसेटचे बटण दाबून ते पुन्हा सुरू केले. थोड्या वेळाने तोच इशारा, पुन्हा तेच बटण. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी यंत्र सुरूच झाले नाही.

"सर, दाब कमी झाला, तर नळ्या फुटल्या कशा? दाब वाढला तर फुटायला हव्यात ना?" एका मुलीने विचारले. प्रश्न अगदी रास्त होता. आपणही त्याचे उत्तर शोधू या.

दाब आणि तापमान यांची जोडी

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते हे आपण पाठ केलेले असते. पण ते समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून तेथे ते सुमारे ९५ अंशांनाच उकळते. प्रेशर कुकरमध्ये दाब जवळजवळ दुप्पट, म्हणून तेथे सुमारे १२० अंश लागतात. म्हणजे उकळत्या द्रवाचा दाब कळला की तापमानही कळलेच.

चिलरमध्ये उकळते ते शीतक. कारागीर त्याला नुसते 'गॅस' म्हणतात. नेहमीच्या वापरातले आर-१३४ए हे शीतक घ्या. ३.५ बार दाबाखाली ते ५ अंशांना उकळते, २.९ बारला ० अंशांना आणि २ बारला उणे १० अंशांना. (हे निरपेक्ष दाब आहेत. साधा दाबमापक हवेच्या दाबाचा सुमारे १ बार वगळून आकडा दाखवतो.)

आपल्या चिलरमध्ये पाणी नळ्यांतून वाहते आणि नळ्यांभोवती शीतक उकळत असते. उकळण्यासाठी लागणारी सुप्त उष्णता ते पाण्याकडून घेते. त्यामुळे १२ अंशांना आत आलेले पाणी ७ अंशांना बाहेर पडते. शीतकाची वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि जास्त दाबाने कंडेन्सरमध्ये ढकलतो. तेथे उष्णता सोडून वाफेचा पुन्हा द्रव होतो, आणि अरुंद झडपेतून दाब उतरवून तो परत नळ्यांकडे येतो.

आता समजा, काही कारणाने पाणी कमी येऊ लागले. शीतकाला उष्णता कमी मिळणार, म्हणून वाफही कमी होणार. कॉम्प्रेसर मात्र पूर्वीच्याच जोराने ओढत राहतो. झरे आटलेल्या विहिरीवर पंप चालूच ठेवला तर पातळी खाली जाते, तसा येथे दाब खाली जातो. तो २.९ बारच्या खाली गेला की शीतक शून्य अंशाच्या खाली उकळू लागते, आणि नळीतले संथ पाणी गोठू लागते. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. ती वाढ तांब्याची नळी सोसू शकत नाही. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. 'दाब कमी' या इशाऱ्याचा एक अर्थ होता, 'पाणी गोठण्याच्या बेतात आहे'.

पहारेकरी तीन होते

पाणी वाहते की नाही हे पाहणारा एक स्विच नळावर असतो. तो 'उगाच यंत्र थांबवतो' म्हणून कोणी तरी काही महिन्यांपूर्वी तारेचा तुकडा जोडून त्याला निकामी केले होते. बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान मोजणारा संवेदक शाबूत होता. पण प्रवाहच जवळजवळ थांबला, तेव्हा नळ्यांतला गारठा त्याच्यापर्यंत पोचणार कसा? उरला तिसरा, दाबाचा पहारेकरी. तो चार वेळा ओरडला.

मूळ कारण काय निघाले? पाण्याच्या वाटेवरची गाळणी गंजाच्या कणांनी तुंबली होती. ती धुतली असती तर एवढे नुकसान टळले असते.

इशारा वाचावा कसा?

तापमापक ताप दाखवतो, रोगाचे नाव सांगत नाही. फलकही कोणत्या राशीने मर्यादा ओलांडली एवढेच सांगतो. कारण शोधण्यासाठी शेजारचे आकडे पाहावे लागतात.

'दाब कमी' दिसला तर पाण्याच्या आत येतानाच्या आणि बाहेर पडतानाच्या तापमानांतला फरक पाहा. उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्णता × तापमानातील फरक, हे सूत्र आठवा. फरक नेहमीपेक्षा मोठा असेल, तर थोड्याच पाण्यातून उष्णता काढली जात आहे, प्रवाह तपासा. फरक लहान असेल, तर शीतक गळून कमी झाल्याची किंवा त्याची वाट तुंबल्याची शंका घ्या. प्रवाह अगदीच थांबला असेल, तर मात्र हे आकडेही फसवतात.

'दाब जास्त' हा इशारा कंडेन्सरकडे बोट दाखवतो. ४० अंशांना आर-१३४ए चा दाब सुमारे १०.२ बार असतो, ५० अंशांना १३.२ बार. कंडेन्सरच्या नळ्यांत बंबातल्यासारखा क्षार साचला किंवा शीतन मनोऱ्याचा पंखा बंद पडला, की उष्णता बाहेर जात नाही. तापमान चढते आणि त्याबरोबर दाबही.

'थांबा' हा संदेश मात्र बिघाडाचा नव्हे. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट विद्युत्प्रवाह घेते आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दोन सुरुवातींमध्ये तिला निवायला वेळ द्यावा लागतो.

त्या कामगाराला मी दोष देत नाही. बटण कोणते दाबायचे हे त्याला शिकवले होते. इशाऱ्याचा अर्थ कोणी सांगितला नव्हता. उद्या तुमच्यापैकी कोणी अशा फलकासमोर उभे राहील. तेव्हा बटणाकडे हात जाण्याआधी 'का?' हा प्रश्न मनात यावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

जाता जाता एक प्रश्न. घरातला फ्रिज भिंतीला अगदी चिकटवून ठेवला आणि त्याच्या मागच्या जाळीवर धूळ साचली. त्या फ्रिजला फलक असता तर त्यावर कोणता इशारा उमटला असता, आणि का? उत्तर वहीत लिहा आणि वर्गात शिक्षकांबरोबर पडताळून पाहा.