मूत्रपिंड जपा, वेळीच जपा

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली डॉ. पी. के. सेन यांनी मृत व्यक्तीचे मूत्रपिंड रुग्णाला बसविले. देशातला तो पहिला प्रयत्न. रुग्ण वाचला नाही, पण वाट पडली. आज असे प्रत्यारोपण होते. तरी मूत्रपिंडासाठी अनेकांना वर्षानुवर्षे थांबावे लागते.

एका मूत्रपिंडात सुमारे १० लाख गाळण्या असतात. बऱ्याच बाद झाल्या तरी दुखत नाही. म्हणून उन्हात राबताना तहानेची वाट न पाहता पाणी प्या. अंगदुखीवर दुकानातली गोळी परस्पर घेऊ नका. शरीरातले पाणी आटलेले असताना ती मूत्रपिंडाला घातक ठरते. रक्तदाब वा मधुमेह असल्यास दरवर्षी लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या. पाणी वाहून गेल्यावर बांध घालून काय उपयोग?