अनवाणी चालावें तें कोठें?

श्रोतेहो, आपल्याकडील कोणत्याही घराच्या उंबरठ्याकडे पाहिलें तर एक गोष्ट सहज ध्यानांत येते. वहाणा बाहेर राहतात आणि माणूस आंत येतो. सातारच्या एखाद्या जुन्या पेठेंतील घर असो, वा सांगलीच्या नव्या वसाहतींतील चौथ्या मजल्यावरचें बिऱ्हाड असो, हा शिरस्ता अद्यापि मोडलेला नाहीं. अनवाणी चालणें ही म्हणूनच आपणांस नव्यानें शिकावयाची विद्या नव्हे. मात्र अलीकडे मऊ तळाच्या सपाता घरांतही शिरल्या आहेत, आणि मुलांचे पाय शाळेच्या बंद बुटांत दिवसभर कोंडलेले असतात. उलटपक्षीं, अनवाणी चालल्यानें सर्व रोग पळतात असें सांगणारे उपदेशकही पुष्कळ झाले आहेत. तेव्हां या साध्या संवयीपासून खरा लाभ कोणता, आणि तो कोठें संपतो, याचा विचार आजच्या भाषणांत करूं.

प्रथम पाउलाची रचना पाहूं. मनुष्याच्या शरीरांत २०६ हाडें आहेत. त्यांपैकीं ५२, म्हणजे चौथाईहून अधिक, केवळ दोन पाउलांत सांठविलेलीं आहेत. या हाडांची मिळून एक कमान होते. सांगलीस कृष्णेवर १९२९ मध्यें खुला झालेला आयर्विन पूल आपणांपैकीं अनेकांनीं पाहिला असेल. त्याच्या कमानी आपापल्या जागीं निश्चल उभ्या आहेत, आणि त्यांतच त्यांचें बळ आहे. पाउलाची कमान मात्र सजीव आहे. प्रत्येक पावलागणिक ती भारानें किंचित् दबते, आणि भार सरतांच पुन्हां उचलली जाते. तिला तोलून धरणारे लहान लहान स्नायु वापरानेंच बळकट होतात. पायाखालीं जाड व मऊ गादी आली, कीं त्यांचें कांहीं काम ती गादीच करूं लागते. आणि ज्या अवयवास काम नाहीं त्यास बळही राहत नाहीं, हा शरीराचा सर्वत्र आढळणारा नियम आहे.

ही गोष्ट लहान मुलांच्या बाबतींत विशेष महत्त्वाची आहे. राव व जोसेफ या दोघां भारतीय वैद्यांनीं १९९२ मध्यें एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पायांचे ठसे त्यांनीं तपासले. पादत्राणें वापरणाऱ्या मुलांत सपाट पाउलांचें प्रमाण शेंकडा ८.६ आढळलें, तर न वापरणाऱ्या मुलांत तें शेंकडा २.८ होतें. याहून उद्‌बोधक गोष्ट अशी, कीं बोटें झांकणाऱ्या बंद बुटांत हा दोष सर्वांत अधिक होता, आणि उघड्या चपला घालणाऱ्यांत त्याहून कमी. सहा वर्षांच्या आंतील वय त्यांस अधिक नाजूक वाटलें. सपाट पाऊल हा प्रत्येक वेळीं रोगच असतो असें नाहीं. तथापि कमान घडण्याच्या वयांत पाउलास मोकळीक हवी, एवढा बोध यांतून निश्चित घेतां येतो.

येथें आपल्याच मुलखांतील एका कारागिरीची आठवण होते. ज्या चपलेस आपण कोल्हापुरी म्हणतों, तिला २०१९ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. आणि त्या मानांकनांत महाराष्ट्रांतील कोल्हापूर व सोलापूर यांच्या जोडीस सांगली व सातारा हे जिल्हेही आहेत. सपाट तळ, मोकळीं बोटें व हवेस वाव, असें हें पादत्राण आहे. पाय झांकूनही पायाचा स्वभाव न मोडण्याची युक्ति आपल्या कारागिरांस फार पूर्वींच साधली होती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

दुसरा लाभ तळव्याच्या स्पर्शज्ञानाचा. पायाखालील भूमि कठीण कीं मऊ, सम कीं उतरती, कोरडी कीं निसरडी, हें तळव्याची त्वचा मेंदूस क्षणोक्षणीं कळवीत असते, आणि त्या वार्तेवर शरीराचा तोल सांभाळला जातो. अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यास घट्टे पडतात. त्यामुळें स्पर्श बोथट होत असेल, अशी शंका साहजिक आहे. परंतु केनिया देशांतील लोकांवर झालेल्या व २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें, कीं जाड घट्ट्यांमुळें तळव्याची संवेदना कमी होत नाहीं. निसर्गानें दिलेला हा जोडा पायाचें रक्षण करतो आणि जमिनीची खबरही अडवीत नाहीं.

मात्र या लाभांस भलत्याच दाव्यांचीं ठिगळें लावूं नयेत. दंवानें भिजलेल्या हिरवळीवर चालल्यानें दृष्टि सुधारते व चष्मा सुटतो, या समजुतीस आधार नाहीं. सकाळच्या फिरण्यानें मन प्रसन्न होतें, तें हवा, प्रकाश व व्यायाम यांमुळें. डोळ्यांचा तळव्यांशीं असा कांहीं गुप्त संबंध नाहीं. इथिओपियाचा धावपटु अबेबे बिकिला १९६० मध्यें रोम येथें अनवाणी धांवून मॅरेथॉन जिंकला, हें सर्वत्र सांगितलें जातें. तोच बिकिला १९६४ मध्यें टोकियो येथें बूट घालून पुन्हां जिंकला, हें मात्र क्वचित् सांगितलें जातें. सामर्थ्य त्याच्या पायांत होतें, केवळ अनवाणीपणांत नव्हतें.

आतां दुसरी बाजू. माती सर्वत्र निर्मळ नसते. जेथें लोक उघड्यावर शौचास बसतात, तेथील ओलसर, सांवलीच्या मातींत अंकुशकृमींच्या अळ्या वाढतात. त्या अनवाणी पायाच्या त्वचेंतून, बहुधा बोटांच्या बेचक्यांतून, शरीरांत शिरतात. रक्ताबरोबर फुप्फुसांत जातात. तेथून घशाकडे चढून गिळल्या जातात, आणि शेवटीं आंतड्यांत ठाण मांडून रक्त शोषूं लागतात. हा त्वचेचा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लूस नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञास इजिप्तमध्यें प्रथम उमगला. लहान मुलें व गरोदर स्त्रिया यांच्या पांडुरोगामागें हें एक कारण असूं शकतें. यावर केवळ चप्पल हा पुरा उपाय नव्हे, शौचकूपही हवा. परंतु तो होईपर्यंत चप्पल ही रक्षणाची पहिली भिंत आहे.

इतर धोके आपल्या परिचयाचेच आहेत. गंजलेला खिळा वा बाभळीचा कांटा खोल रुतला तर धनुर्वाताचें भय असतें. चैत्र-वैशाखांत माण-खटावकडील डांबरी रस्ता भर दुपारीं पाय भाजून काढतो. २००५, २०१९ व २०२१ सालीं सांगलीनें कृष्णेचा महापूर पाहिला. अशा पाण्यांतून अनवाणी चालणें म्हणजे कांच, पत्रे आणि प्राण्यांच्या मूत्रांतून पसरणारा लेप्टोचा ज्वर या सर्वांस एकाच वेळीं आमंत्रण देणें होय. उंसाच्या बांधावरून रात्रीं जावयाचें तर झांकलेला पाय व हातांत विजेरी हवीच, कारण सर्पदंश बहुधा पायासच होतो. आणि ज्यांस मधुमेह आहे त्यांचें तर सारेंच निराळें. त्यांच्या तळव्याची जाणीव हळूहळू हरपते. जखम झालेली कळत नाहीं, आणि ती चिघळून प्रसंगीं पाय गमवावा लागतो. अशा मंडळींनीं अनवाणी चालूं नये, घरांतही नव्हे. रोज रात्रीं तळवे आरशांत पाहावेत, किंवा घरच्या माणसाकडून पाहून घ्यावेत.

श्रोतेहो, या विषयास केवळ आरोग्याचीच बाजू नाहीं. आपल्या समाजांत अनवाणी पायांस दोन अर्थ आहेत. दर आषाढीस ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यांत येते. लोणंद, तरडगांव, फलटण करीत पुढें जाते. आणि तिच्यासवें अनेक वारकरी स्वेच्छेनें अनवाणी चालतात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ मध्यें कऱ्हाडजवळील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, व १९२४ मध्यें तिचें ठाणें साताऱ्यास आणिलें. संस्थेसाठीं गांवोगांव हिंडणारी त्यांची अनवाणी मूर्ति आजही लोकांच्या डोळ्यांपुढें आहे. हा अनवाणीपणा व्रताचा. परंतु ज्या काळीं अनेक गांवांत अस्पृश्य मानलेल्या माणसास सवर्णांसमोरून वहाणा घालून जाण्याची मुभा नसे, आणि त्या वहाणा मात्र ज्यांस हीन लेखलें त्यांच्याच हातांनीं शिवलेल्या असत, त्या काळचा अनवाणीपणा व्रताचा नव्हता, जुलमाचा होता. ज्याच्या उंबरठ्याबाहेर वहाणांचा जोड आहे, त्यानेंच तो काढून ठेवण्याचे गुण गावेत. ज्याला जोडच नाहीं, त्याला अनवाणी चालण्याचे फायदे सांगणें हें वैद्यकही नव्हे आणि माणुसकीही नव्हे. त्याला अगोदर चप्पल द्यावी.

मग आपण सुशिक्षित, शहरवासी मंडळींनीं काय करावें? पायांचे तळवे शाबूत व संवेदना ठीक असेल तर घरांत, गच्चीवर वा स्वच्छ अंगणांत अनवाणी वावरावें. पहिल्या आठवड्यांत दहा-पंधरा मिनिटेंच पुरेत. नाजूक झालेल्या पायांस एकदम मैलभर चालविलें तर टांच व पोटऱ्या दुखूं लागतील. मुलांस घरीं व तालमीच्या किंवा अंगणाच्या मऊ मातींत मोकळ्या पायांनीं खेळूं द्यावें. बूट घ्यावयाचे तर सायंकाळीं, पाय किंचित् फुगलेले असतां, आणि पुढें आंगठ्याएवढी जागा ठेवून घ्यावेत; मूल वाढेल तसे ते बदलावेत, ‘अजून वर्षभर चालतील’ असें म्हणून बोटें मुरडूं देऊं नयेत. धनुर्वाताची लस वेळेवर टोंचून घ्यावी. रस्त्यावर, शेतांत, पुराच्या पाण्यांत, सार्वजनिक शौचगृहांत व काळोखांत मात्र पाय झांकलेलाच बरा.

आपल्या पूर्वजांनीं वहाण टाकून दिली नाहीं आणि ती घरांतही आणिली नाहीं. तिची जागा उंबरठ्यापाशीं ठरवून दिली. जेथील जमीन आपण स्वतः झाडतों, पुसतों व ओळखतों, तेथें पाय मोकळा. जेथील जमीन परकी, तेथें पाय झांकलेला, ही मर्यादा आजच्या शास्त्रासही मान्य होण्याजोगी आहे. तेव्हां उंबरठ्यावर वहाणा काढण्याचा शिरस्ता सोडूं नये, आणि उंबरठा ओलांडून बाहेर पडतांना त्या घालण्याचाही नाहीं.