टेबल तेच, पोट पुढे

अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मेडशीसारख्या गावात बसून काम करणाऱ्या गरोदर बाईची जागा म्हणजे बहुधा संगणकापुढची प्लॅस्टिकची खुर्ची, नाहीतर शिलाई मशीन. पोट वाढतं तशी खुर्ची मागे सरकते. हात लांबतात, खांदे वाकतात, ताण कमरेवर येतो. त्यात सांध्यांचे बंधही सैलावलेले.

१९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने प्रसूतीआधीच्या ठरावीक काळात, मागणी केल्यास, फार वेळ उभं राहण्याच्या कामातून सूट दिली. बसण्याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता!

कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल ठेवावा, पाय अधांतरी राहत असतील तर खाली पाट. अर्ध्या तासाने उठून चार पावलं चालावं, कारण गरोदरपणात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर लगेच दवाखाना गाठावा.