पाण्याला रंग आला, तर तिसऱ्या-कालवे काढू नका



समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शेवाळे नेहमीच असतात. मासे, कोळंबी व शिंपल्यांचे ते मूळ अन्न होय. परंतु ऊन, संथ पाणी आणि भरपूर अन्नद्रव्ये एकत्र मिळाल्यास त्यांची बेसुमार वाढ होते व पाणी तांबडे, हिरवे किंवा तपकिरी दिसू लागते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात काही भागांत तळाचे पाणी वर येऊन अन्नद्रव्ये मिळतात. शेतातून व सांडपाण्यातून वाहून आलेले नत्र आणि स्फुरद त्यात भर घालतात.

नुकसान कसे होते?

मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. त्यामुळे मासे गुदमरून मरतात. शेवाळाच्या काही थोड्या जाती विषारी असतात. तिसऱ्या, कालवे, शिनाणे पाणी गाळून अन्न घेतात, त्यामुळे हे विष त्यांच्या मांसात साठते. शिंपला मरत नाही. त्याचा वास वा चवही बदलत नाही. बाधा होते ती खाणाऱ्याला. केरळमधील विळिंजम येथे सप्टेंबर १९९७ मध्ये असे शिनाणे खाल्ल्याने ७ जण दगावले व ५०० हून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले.

शिजवले तरी चालत नाही

हे विष उकळल्याने वा तळल्याने जात नाही. आमसूल किंवा लिंबू घालूनही उपयोग नाही. पाणी निवळल्यावरही ते शिंपल्यात काही आठवडे टिकू शकते.

काय काळजी घ्यावी?

१) पाण्याला रंग आल्यास किंवा मासे मरून किनाऱ्याला लागल्यास शिंपले काढू, विकू वा खाऊ नयेत. मेलेले मासेही खाऊ नयेत.
२) मत्स्यव्यवसाय विभागास त्वरित कळवावे. तपासणीत सुरक्षित ठरल्यावरच शिंपले पुन्हा काढावेत.
३) कोळंबी तलावात असे पाणी घेऊ नये.
४) शिंपले खाल्ल्यानंतर ओठ-जिभेला मुंग्या येणे, हातपाय बधिर होणे, श्वास जड होणे अशी लक्षणे दिसल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. या विषावर उतारा नाही. वेळेवर कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाल्यास प्राण वाचतात.
५) भातखाचरात युरिया एकदम न फेकता हप्त्याने किंवा ब्रिकेटच्या रूपात द्यावा. खताची बचत होते आणि खाडीत जाणारे नत्रही कमी होते.

एका दिवसाची विक्री बुडाली तर ती भरून काढता येते, गेलेला जीव परत येत नाही, हे ध्यानात ठेवावे.