गिटार चालली होस्टेलला

मैत्रिणींनो, शिकायला बाहेरगावी गेलं की पोरींचं वाजवणंच आधी सुटतं. ‘ते राहू दे घरी,’ म्हणणाऱ्या आपणच!

पण इलेक्ट्रिक गिटार सोबत नेता येते. नेहमीची मीटरभर लांब, ३-४ किलोची. नेड स्टाइनबर्गर यांच्यामुळे १९८०च्या दशकात गाजलेली ‘हेडलेस’ आखूड. तिच्या वरच्या टोकाला खुंट्याच नसतात. देवगिरी एक्सप्रेसच्या बर्थवर उशाशी मावते. मोठ्या अँपऐवजी हेडफोनचा छोटा अँप घ्या, रूममेटची झोपमोड नाही. आखूड नेकची गिटार असेल तर तारा जरा जाड लावून घ्या, पातळ तारा ढिल्या पडतात. आपल्या संभाजीनगरच्या उन्हात बंद गाडीत मात्र ठेवू नका, नेक वाकते. पोचल्यावर आधी ट्यूनरने सूर जुळवायचे.

लोणच्याच्या बरणीला जागा होते, मग गिटारीला का नाही?